‘नॅरोनेस’ वाक्यात कसा बसवायचा

‘नॅरो’ या विशेषणाशी आपलं कधी भांडण नसतं. ‘नॅरो रोड’, ‘नॅरो ब्रिज’, ‘नॅरो-माइंडेड’ हे शब्द बोलता बोलता मराठीतही येऊन जातात. गाडी अडते ती त्याला ‘नेस’ लागल्यावर. इंग्रजी मजकूर तपासण्याच्या कामात मला दोन प्रकारची मंडळी भेटतात. काही जण ‘नॅरोनेस’च्या वाटेलाच जात नाहीत, आणि मग ‘डिस्पाइट द रोड वॉज नॅरो’ असं लिहून बसतात. इतरांना हा शब्द नुकताच सापडलेला असतो, त्यामुळे एकाच परिच्छेदात तो तीनदा भेटतो.

दोघांची अडचण एकच आहे. शब्दाचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो, पण तो कोणत्या जागी लागतो हे कोणी सांगितलेलं नसतं. शब्दकोशात ‘अरुंदपणा, संकुचितपणा’ एवढं दिलेलं असतं आणि विषय संपतो. आता स्वतःला विचारा, शेवटचं ‘अरुंदपणा’ कधी म्हणालात? ‘रस्त्याच्या अरुंदपणामुळे ट्रक अडकला’ हे वाक्य चुकीचं नाही, पण असं बोलतं कोण? आपण म्हणतो, ‘रस्ता अरुंद असल्यामुळे ट्रक अडकला.’ मराठीत हे काम ‘असणे’ करतं, इंग्रजी तेच काम नामाकडून करून घेते. त्यामुळे ‘नॅरोनेस’ वापरायला शिकताना ‘अरुंदपणा’ आठवत बसू नका. तो शब्द आपल्या डोक्यात सहसा येतच नाही. आपल्या वाक्यातला ‘असल्यामुळे’ शोधायचा.

आधी शब्द हातात घेऊन पाहा

स्पेलिंगमध्ये दोन जागी घसरायला होतं. ‘नॅरो’मध्ये दोन आर आहेत आणि शेवटचा डब्ल्यू ‘नेस’ लागल्यावरही जागचा हलत नाही. शेवटी दोन एस. एन मात्र मध्ये एकच. ‘थिन’ला ‘नेस’ लावला की दोन एन शेजारी येतात, ‘ओपन’चंही तसंच, कारण ते शब्द मुळात एनवर संपतात. त्यांच्या नादाने ‘नॅरोनेस’मध्ये जादा एन घुसवणारे पुष्कळ आहेत. ‘हॅपी’चा ‘हॅपिनेस’ होताना वायचा आय होतो, तशी भानगड इथे नाही. मूळ शब्द अख्खा ठेवायचा, पुढे ‘नेस’ जोडायचा.

उच्चारात जोर पहिल्या ‘नॅ’वर. शेवटचा ‘नेस’ आपण ठासून म्हणतो, इंग्रजी बोलणारे तो हलकाच टेकवतात, जवळजवळ ‘नस’सारखा. मधला डब्ल्यू वेगळा उच्चारायचा नाही.

हा शब्द ‘नेस’वालाच का झाला, हेही एकदा पाहून घ्या, म्हणजे चुकीची रूपं आपोआप टळतात. इंग्रजीत मापाच्या बऱ्याच विशेषणांची नामं ‘थ’वर संपतात: लाँगचं लेंग्थ, वाइडचं विड्थ, ब्रॉडचं ब्रेड्थ, डीपचं डेप्थ. नॅरोला असं नाम मिळालेलं नाही. जुन्या इंग्रजीतला ‘नेअरू’ हा त्याचा पूर्वज, आणि ‘नेस’ हा प्रत्ययही तितकाच घरचा. जर्मनमधला ‘निस’ त्याचा भाऊ. या दोघांच्या जोडणीतून आपला शब्द तयार झाला.

यातून एक कामाचा नियम निघतो. विड्थ हे माप आहे, नॅरोनेस हे माप नाही. मराठीत आपण उंची पाच फूट सांगतो, बुटकेपणा पाच फूट सांगत नाही. तसंच हे. ‘द विड्थ ऑफ द डोअर इज टू फीट’ बरोबर. ‘द नॅरोनेस ऑफ द डोअर इज टू फीट’ चूक. नॅरोनेस म्हटलं की ‘जेवढी रुंदी हवी होती तेवढी नाही’ हा शेरा त्यात आलाच. चिली देशाचं उदाहरण घ्या. लांबी सुमारे ४,३०० किलोमीटर आणि सरासरी रुंदी १८० किलोमीटरच्या आसपास. आकडा द्यायचा असेल तेव्हा विड्थ वापरा. नकाशाकडे बोट दाखवून ‘बघ, कसली चिंचोळी पट्टी आहे’ म्हणायचं असेल तेव्हा ‘द नॅरोनेस ऑफ चिली इज ऑब्व्हियस ऑन एनी मॅप’.

पहिली पायरी: ‘असल्यामुळे’ आणि ‘असूनही’ शोधा

कोणतंही मराठी वाक्य घ्या ज्यात ‘अरुंद असल्यामुळे’, ‘अरुंद असूनही’ किंवा ‘किती अरुंद आहे ते’ येतं. या तीन जागा म्हणजे ‘नॅरोनेस’ची हक्काची घरं.

‘पूल अरुंद असल्यामुळे बस वळसा घालून गेली.’ इंग्रजीत दोन वाटा आहेत. ‘बिकॉज द ब्रिज वॉज नॅरो, द बस टुक अ लाँगर रूट.’ किंवा ‘बिकॉज ऑफ द नॅरोनेस ऑफ द ब्रिज, द बस टुक अ लाँगर रूट.’ दोन्ही बरोबर. फरक एका ‘ऑफ’चा आहे, आणि सगळा घोटाळाही तिथेच होतो. ‘बिकॉज’ एकटा असेल तर पुढे पूर्ण वाक्य येतं, कर्ता आणि क्रियापदासह. ‘बिकॉज ऑफ’ आला की पुढे नामच हवं. ‘बिकॉज ऑफ द ब्रिज वॉज नॅरो’ हे कडबोळं इथून जन्माला येतं.

‘डिस्पाइट’चंही तेच. ‘ऑल्दो द लेन वॉज नॅरो’ चालतं, कारण ‘ऑल्दो’ला वाक्य लागतं. ‘डिस्पाइट द नॅरोनेस ऑफ द लेन’ चालतं, कारण ‘डिस्पाइट’ला नाम लागतं. ‘डिस्पाइट द लेन वॉज नॅरो’ कुठेच चालत नाही, आणि नेमकं तेच सगळ्यात जास्त लिहिलं जातं. ‘डिस्पाइट’च्या पुढे ‘ऑफ’ही लावू नका. ‘डिस्पाइट ऑफ’ हे ‘इन स्पाइट ऑफ’च्या ओढीने तयार झालेलं पिल्लू आहे. ‘ड्यू टू’ आणि ‘ओइंग टू’ यांनाही नामच हवं.

तिसरी जागा ‘किती अरुंद आहे ते’ची. ‘गुहेचं तोंड किती अरुंद आहे ते पाहून आम्ही थबकलो.’ इथे ‘वी स्टॉप्ड व्हेन वी सॉ द नॅरोनेस ऑफ द केव्हज माउथ’ म्हणता येतं. ‘व्हेन वी सॉ हाऊ नॅरो द माउथ ऑफ द केव्ह वॉज’ हेही तितकंच चांगलं. बोलताना मी दुसरंच म्हणेन. लेखी अहवालात पहिलं जास्त शोभतं.

दुसरी पायरी: वाक्याची सूत्रं त्याच्या हातात द्या

एक वाक्य जवळून पाहू. घर बदलताना कोणालाही म्हणावं लागेल असं: ‘जिना इतका अरुंद होता की कपाट वर नेता येईना.’

नवशिक्याचा पहिला मसुदा साधारण असा असतो: ‘द नॅरोनेस ऑफ द स्टेअरकेस वॉज सो मच दॅट वी कुड नॉट टेक द कपबोर्ड अप.’ व्याकरणाने हे वाक्य उभं राहतं, पण लंगडतं. ‘नॅरोनेस वॉज सो मच’ म्हणजे ‘अरुंदपणा इतका होता’. मराठीतही हे कानाला खटकलं असतं. इथे विशेषणच बरं: ‘द स्टेअरकेस वॉज सो नॅरो दॅट वी कुड नॉट गेट द कपबोर्ड अपस्टेअर्स.’ नाम वापरायचंच असेल तर त्याला नुसतं ‘होता’ म्हणून बसवून ठेवू नका, काहीतरी करायला लावा: ‘द नॅरोनेस ऑफ द स्टेअरकेस मेड इट इम्पॉसिबल टु गेट द कपबोर्ड अपस्टेअर्स.’ आता नॅरोनेस कर्ता आहे आणि त्याने अडवणूक केली आहे.

हे मराठी मनाला थोडं विचित्र वाटतं. गुणधर्माने येऊन काहीतरी करणं आपल्याकडे कमी. आपला रस्ता अडवतो, त्याचा अरुंदपणा नाही. इंग्रजीत मात्र ‘मेड’, ‘फोर्स्ड’, ‘लिमिटेड’, ‘प्रिव्हेंटेड’, ‘अॅडेड टू’ ही क्रियापदं अशा नामांशी सहज जुळतात. ‘द नॅरोनेस ऑफ द चॅनल फोर्स्ड द शिप्स टु मूव्ह इन सिंगल फाइल’ म्हणजे खाडी इतकी चिंचोळी की जहाजांना एकामागोमाग एक जावं लागलं.

म्हणून हा नियम सरसकट पाळा: ‘नॅरोनेस’नंतर ‘इज’ किंवा ‘वॉज’ आणि पुढे ‘मच’, ‘मोअर’, ‘टू मच’ असं येत असेल, तर वाक्य मोडून विशेषणाकडे परत जा.

तिसरी पायरी: कशाचा नॅरोनेस?

हा भाग सगळ्यात रंजक आहे आणि इथेच शब्दकोश सगळ्यात कमी मदत करतो. मराठीत जागा बदलली की शब्द बदलतो. रस्ता अरुंद, बोळ चिंचोळा, मन कोतं, दृष्टी संकुचित, विजय निसटता, बचाव थोडक्यात. इंग्रजीत या सहाही जागी ‘नॅरो’ बसतो आणि सहांचंही नाम ‘नॅरोनेस’ होतं. उलट दिशेने, इंग्रजीतून मराठीत येताना, प्रत्येक वेळी ‘हा कशाचा नॅरोनेस?’ हे विचारावंच लागतं.

मनाचा नॅरोनेस आधी घेऊ. ‘नॅरोनेस ऑफ माइंड’, ‘नॅरोनेस ऑफ आउटलुक’, ‘नॅरोनेस ऑफ व्हिजन’ या जोड्या पाठच करा. यात ‘ऑफ’नंतर आर्टिकल बहुधा नसतं, ‘नॅरोनेस ऑफ द माइंड’ म्हणण्याची रीत नाही. रस्त्यासाठी ‘ऑफ द रोड’, मनासाठी नुसतं ‘ऑफ माइंड’. माणसाबद्दल बोलताना ‘नॅरो-माइंडेडनेस’ हा लांबलचक भाऊही आहे आणि रोजच्या बोलण्यात तोच जास्त ऐकू येतो. दोघांत छटेचा फरक एवढाच की ‘नॅरो-माइंडेडनेस’ हा सरळ आरोप आहे, तर ‘नॅरोनेस ऑफ आउटलुक’ तीच गोष्ट जरा शालजोडीतून मारल्यासारखी सांगतो. विरुद्ध बाजूला ‘ब्रेड्थ ऑफ व्हिजन’ असतो.

मग निकालाचा नॅरोनेस. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात सुमारे ६० लाख मतं पडली. पहिल्या मोजणीतलं अंतर इतकं कमी होतं की तिथल्या कायद्यानुसार फेरमोजणी आपोआपच लागू झाली, आणि शेवटी जॉर्ज बुश यांना अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मतं जास्त मिळाल्याचं जाहीर झालं. हे इंग्रजीत लिहिताना ‘द नॅरोनेस ऑफ द मार्जिन ट्रिगर्ड अ रीकाउंट’. मराठीत? ‘निसटत्या फरकामुळे फेरमोजणी करावी लागली.’ इथे ‘फरकाचा अरुंदपणा’ लिहिणाऱ्याने भाषांतर थांबवून चहा घ्यावा.

थोडक्यात वाचण्याचंही तसंच. ‘ओन्ली लेटर डिड शी रिअलाइझ द नॅरोनेस ऑफ हर एस्केप.’ आपण किती थोडक्यात वाचलो, हे तिला नंतर कळलं. ‘थोडक्यात’ या क्रियाविशेषणाचं मराठीत नामच होत नाही, म्हणून मराठी वाक्यात ‘किती थोडक्यात’ आला की समजायचं, इंग्रजीत इथे आपला शब्द बसणार आहे.

शेवटचा प्रकार व्याप्तीचा, आणि इथे सावध राहायला हवं. ‘द नॅरोनेस ऑफ द डेफिनिशन’, ‘द नॅरोनेस ऑफ द सर्व्हे’, ‘द नॅरोनेस ऑफ हर रिसर्च टॉपिक’. यात निंदा असेलच असं नाही. प्रबंधाचा विषय जितका नेमका तितका मार्गदर्शक खूश, म्हणून ‘द नॅरोनेस ऑफ द टॉपिक इज इट्स स्ट्रेंग्थ’ हे वाक्य अगदी सरळ आहे. मराठीत ‘संकुचित विषय’ म्हटलं की नाक मुरडल्यासारखं होतं. ‘संकुचित’ शब्दात दोष आधीच भरलेला आहे. इंग्रजी शब्द तेवढा कडू नाही. दोष आहे की नाही ते आजूबाजूचे शब्द ठरवतात. तेव्हा मराठीत आणताना ‘मर्यादित’, ‘मोजका’, ‘नेमका’ यांतला एखादा शब्द घ्या.

व्याप्ती आणि फरक हे दोन अर्थ एकमेकांत गुंतले तर काय होतं, याचा एक नमुना आहे. जून २०१८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका केक बनवणाऱ्या व्यावसायिकाच्या बाजूने सात विरुद्ध दोन असा निकाल दिला. बातम्यांत त्याला ‘नॅरो रूलिंग’ म्हटलं गेलं. सात-दोन म्हणजे काही काठावरचा निकाल नव्हे, मग नॅरो कसा, म्हणून पुष्कळ वाचक गोंधळले. म्हणायचं होतं ते वेगळंच: निकाल त्या एका प्रकरणापुरता होता, मोठा घटनात्मक प्रश्न त्याने मोकळाच ठेवला. अशा ठिकाणी ‘द नॅरोनेस ऑफ द रूलिंग’ न लिहिता ‘द नॅरोनेस ऑफ द रूलिंग्ज स्कोप’ लिहिलं असतं, तर निम्मा गोंधळ वाचला असता. मतांच्या फरकाबद्दल बोलायचं तर ‘द नॅरोनेस ऑफ द व्होट’. ज्या शब्दाचे दोन अर्थ निघू शकतात, तिथे ‘ऑफ’नंतरचं नाम नेमकं निवडणं हाच इलाज.

‘बारीक’ची फसवणूक

मराठी माणसाला इथे सगळ्यात जास्त दगा ‘बारीक’ हा शब्द देतो. गल्ली बारीक, दोरा बारीक, पोरगा बारीक, अक्षर बारीक, नजर बारीक. यातली फक्त गल्ली ‘नॅरो’ आहे. दोरा आणि पोरगा ‘थिन’. अक्षर ‘स्मॉल’. नजर तर ‘क्लोज’ किंवा ‘कीन’.

‘थिन’ आणि ‘नॅरो’ यांची सीमा अशी समजा: एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंतचं अंतर कमी, म्हणजे नॅरो. वरच्या पृष्ठभागापासून खालच्यापर्यंतचं अंतर कमी, म्हणजे थिन. एक फळी डोळ्यापुढे आणा. ती अरुंद असेल तर नॅरो, पातळ असेल तर थिन, आणि एकाच वेळी दोन्ही असू शकते. जिच्यातून आपण जातो किंवा काही वाहतं ती गोष्ट सहसा नॅरो होते: दार, नळी, घाट, खिंड.

एका परिचितांनी पत्रात लिहिलं होतं, ‘आय वॉज सरप्राइज्ड बाय हिज नॅरोनेस.’ म्हणायचं होतं की आजारपणानंतर तो मित्र फार बारीक झालेला दिसला. वाचणाऱ्याला मात्र कळलं असतं की मित्र कोत्या मनाचा निघाला. माणसाला ‘नॅरोनेस’ लावला की तो मनालाच चिकटतो, शरीराला नाही. शरीराच्या एखाद्या भागाबद्दल बोलायचं तर तो भाग सांगा: ‘द नॅरोनेस ऑफ हिज शोल्डर्स’.

कपड्यांबद्दलही थोडं. शर्ट घट्ट होतो तेव्हा ‘टाइट’. बूट पायाला रुंदीत कमी पडतो तेव्हा ‘नॅरो’, आणि त्याने पाय आवळला की पुन्हा ‘टाइट’. खोली लहान असेल तर ‘स्मॉल’. लांब आहे पण रुंद नाही, तेव्हाच ‘नॅरो’. आणि रस्त्यावर गर्दी असेल तर त्याला नॅरोनेस नव्हे, ‘कंजेशन’ म्हणतात. रस्ता आठपदरी असला तरी ते होतं.

व्याकरणाचे छोटे खिळे

अनेकवचन नाही. ‘नॅरोनेसेस’ लिहू नका. दहा गल्ल्या असल्या तरी ‘द नॅरोनेस ऑफ द लेन्स’. आणि इथे पुढचा सापळा: क्रियापद ‘लेन्स’कडे बघून अनेकवचनी होऊ पाहतं. ‘द नॅरोनेस ऑफ द लेन्स मेक ड्रायव्हिंग डिफिकल्ट’ चूक, ‘मेक्स’ हवं, कारण कर्ता नॅरोनेस आहे. लेन्स त्याच्या दारातले पाहुणे.

आर्टिकल बहुतेक वेळा ‘द’. ‘अ नॅरोनेस’ एकटं फारसं येत नाही, पण मध्ये किंवा पुढे अर्थ नेमका करणारा एखादा शब्द आला की चालतं: ‘देअर इज अ सर्टन नॅरोनेस इन हिज थिंकिंग.’ ‘त्याच्या विचारात जरा कोतेपणा आहे’ हे सौम्यपणे सांगायची ही तयार रीत आहे. ‘इन’ लक्षात घ्या. ज्याचा गुण त्याच्यासाठी ‘ऑफ’, ज्यात तो जाणवतो त्याच्यासाठी ‘इन’.

विशेषण नामात बदललं की त्याच्या मागचं क्रियाविशेषणही बदलतं. ‘एक्स्ट्रीमली नॅरो’चं ‘एक्स्ट्रीम नॅरोनेस’. ‘रिलेटिव्हली नॅरो’चं ‘रिलेटिव्ह नॅरोनेस’. मग ‘व्हेरी नॅरो’चं? ‘व्हेरी नॅरोनेस’ नाही होत. गंमत म्हणजे ‘द व्हेरी नॅरोनेस ऑफ द पास’ हे शुद्ध इंग्रजी आहे, पण अर्थ वेगळा: ‘खिंडीचा तो अरुंदपणाच’. ‘द व्हेरी नॅरोनेस ऑफ द पास मेड इट ईझी टु डिफेंड’ म्हणजे खिंड अरुंद होती म्हणूनच ती लढवणं सोपं गेलं. हा ‘व्हेरी’ आपल्या शेवटच्या ‘च’चं काम करतो. मला स्वतःला इंग्रजीतला हा वापर फार आवडतो, कारण आपल्या ‘च’ला तिथे जागा मिळायची पंचाईतच असते.

भावंडांची ओळख

‘नॅरोइंग’ म्हणजे अरुंद होत जाणं. नॅरोनेस ही स्थिती, नॅरोइंग ही क्रिया. डॉक्टर ‘नॅरोइंग ऑफ द आर्टरीज’ म्हणतात कारण रक्तवाहिन्या आधी ठीक होत्या, हळूहळू अरुंद झाल्या. दरी कमी होणं ‘नॅरोइंग ऑफ द गॅप’, तिथे नॅरोनेस टाकला तर अर्थ पालटतो. यादी गाळत गाळत छोटी करणं ‘नॅरो डाउन’.

‘नॅरोज’ हे मात्र वेगळं नाम, नेहमी अनेकवचनी दिसणारं. त्याचा अर्थ नदीचा किंवा समुद्राचा चिंचोळा भाग. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टॅकोमा नॅरोज नावाची अशी पाण्याची पट्टी आहे. तिच्यावरचा झुलता पूल १ जुलै १९४० रोजी खुला झाला आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला वाऱ्याने हेलकावे खात कोसळला. मधला गाळा २,८०० फूट लांब, आणि पुलाची रुंदी अवघी ३९ फूट. दोनच पदर. एवढ्या लांबीला इतका अरुंद, हलका आणि उथळ गर्डरचा (म्हणजे कमी उंचीच्या आधार-तुळयांचा) पूल वाऱ्यापुढे पिळवटून गेला. १९५०मध्ये त्या जागी आलेला पूल चारपदरी होता. दोन्ही शब्द एकाच वाक्यात घेऊन पाहा: ‘द नॅरोनेस ऑफ द ब्रिज ॲट टॅकोमा नॅरोज वॉज वन ऑफ द रीझन्स इट ट्विस्टेड सो इझिली.’ पहिला शब्द पुलाचा दोष सांगतो, दुसरा जागेचं नाव. असं एक वाक्य वहीत लिहून ठेवलं की पुन्हा गल्लत होत नाही.

कधी वापरू नये

बोलताना जवळपास कधीच नाही. ‘मला ही गल्ली अरुंद असल्यामुळे आवडत नाही’ हे ‘आय डोन्ट लाइक धिस लेन, इट्स टू नॅरो’ एवढंच. तिथे ‘आय डिसलाइक द नॅरोनेस ऑफ धिस लेन’ म्हटलं की माणूस निविदा वाचून दाखवतोय असं वाटतं. लेखनातही एका परिच्छेदात एकदा पुरे. नाम वापरायचं ते त्या अरुंदपणाबद्दल पुढे काही बोलायचं असेल तेव्हा: त्याने काय केलं, कोणाला खटकला, कशामुळे आला. नुसतं ‘अरुंद आहे’ सांगायला विशेषण पुरतं.

हात चालवून पाहा

खालची वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढचं वाचा.

‘पायवाट अरुंद असूनही खेचरं भराभर चढत होती.’ इथे ‘असूनही’ आहे, म्हणून ‘डिस्पाइट द नॅरोनेस ऑफ द ट्रेल, द म्यूल्स क्लाइम्ड क्विकली.’

‘त्याची दृष्टी संकुचित असल्याचं मला खटकलं.’ ‘आय वॉज बॉदर्ड बाय द नॅरोनेस ऑफ हिज आउटलुक.’ ‘बाय हिज नॅरोनेस’ही चालेल, पण जरा जास्त झोंबेल.

‘बहुमत इतकं काठावरचं होतं की सरकार धास्तावलेलं होतं.’ ‘द नॅरोनेस ऑफ इट्स मेजॉरिटी मेड द गव्हर्नमेंट नर्व्हस.’ बहुमताला ‘स्लिम’ हे विशेषणही लागतं, पण ‘स्लिमनेस ऑफ द मेजॉरिटी’ मी टाळतो. ‘स्लिमनेस’ वाचला की आधी माणसाची अंगकाठी डोळ्यापुढे येते.

‘या बोळांच्या चिंचोळेपणामुळे अग्निशमन दलाची गाडी आत येत नाही.’ ‘द नॅरोनेस ऑफ दीज लेन्स प्रिव्हेंट्स फायर इंजिन्स फ्रॉम एंटरिंग.’ ‘प्रिव्हेंट्स’च्या शेवटी एस लावलात का ते तपासा.

‘ती हिशोबावर बारीक नजर ठेवते.’ ‘शी कीप्स अ क्लोज वॉच ऑन द अकाउंट्स.’ इथे नॅरोही नाही आणि नॅरोनेसही नाही.